सख्ख्या खाचरातल्या नांग्या

कोंडाणे, ६ जुलै २०२५

भाविका,

वरती 'चिरंजीव' लिहून पुढे आशीर्वाद वगैरे लिहायला गेलो होतो. पण तीन वर्षं घराचा उंबरा न ओलांडलेल्या बहिणीला आशीर्वाद देणारा मी कोण, असं वाटलं आणि कागद बदलला. नुसतं भाविकाच बरं.

तुझा निरोप राजेशरावांकडून मिळाला. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतो, म्हणून दादाने काय ते लिहून कळवावं. ठीक आहे. खालापूरच्या गोदामात मी दिवसभर ट्रकवाल्यांच्या पावत्यांवर सह्याच करतो, त्यात चार ओळी जास्त लिहिल्या तर हात झडणार नाही. तुला दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी हैदराबाद सोडायचं नाही, झोपून राहायचं असं बजावलंय, हेही मला जावयाकडूनच कळलं. आईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "पोरीनं मला सांगाया पायजे व्हतं रं." माझ्यामुळे तिलाही सांगितलं नाहीस, हे तिला कळतं, पण ती तसं म्हणत नाही.

गेली दोन वर्षं तू पावसाळाभर कर्जतला लॉजवर राहिलीस. रोज रिक्षा करून यायचीस, तळ्याखालच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहायचीस आणि तशीच परत जायचीस. आई बांधावर चहा आणून द्यायची. मी खिडकीतून बघायचो. यंदा लावणी तुझ्या माणसांनी येऊन केली, पण यापुढे खाचर दादाने सांभाळावं असं तूच म्हणतेस, म्हणजे दुसरं कुणी मिळालं नसणार. ते असो. मी सांभाळतो.

तुझ्या सूचना आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. मला काय समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. आपल्या तळ्यात देवभात आपोआप उगवतो. त्यातल्या एकाच रोपाच्या बियांची रोपं वरच्या खाचरात आहेत, ती सगळी सख्खी भावंडं. खालच्या खाचरात ठाकुरवाडीकडच्या, खालापूरकडच्या आणि आणखी कुठकुठल्या डबक्यांतून आणलेला देवभात आहे, ती रोपं एकमेकांना परकी. गादमाशी कुणाला किती लागते ते बघायचं. माशी लागलेल्या रोपातून पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा निघतो आणि त्याला कणीस धरत नाही, एवढं तर मला शाळेच्या आधीपासून माहीत आहे. सख्ख्यांच्या आईच्या अंगातच असा काही गुण होता, की पहिल्या वर्षी माशी तिच्या पिल्लांकडे फिरकली नाही. दुसऱ्या वर्षी इकडेतिकडे पोंगे दिसले. पण माशीच्याही पिढ्या बदलतात. सगळी रोपं एकाच वळणाची असली की त्या वळणाला सरावलेली माशी तेवढी वाचते, तिची पिल्लं वाढतात, आणि मग एकदम सगळं खाचर खातात. परक्यांत प्रत्येकाची तऱ्हा निराळी, तिथे तिला इतक्या सहजी जमत नाही. असा तुझा अंदाज आहे आणि तो खरा की खोटा ते या तिसऱ्या वर्षी कळणार.

आई म्हणाली, "म्हंजी साऱ्या घरांना येकच कुलूप." तसंच ना?

हात लावायचा नाही, औषध मारायचं नाही, मेलं तर मरू द्यायचं, आणि बघून कळवायचं. काहीही न करणं मला जमेल. तुझ्या वहिनीचं, श्रद्धाचं म्हणणं, तुमच्या दादाला तेवढंच तर जमतं.

कर्जतच्या कचेरीतल्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहिलं नाहीस.

दादा


कोंडाणे, २० जुलै २०२५

भाविका,

पाऊस लागून राहिलाय. वरच्या खाचरात पोंगे निघाले. खालच्यातही आहेत, पण विरळ. वरती मात्र एकाला लागून एक. काही रोपं खुरटली, काही मुळातूनच कुजून बसली आहेत. तू सांगितलंस तसा एका रोपालाही हात लावलेला नाही. बघवत नाही, पण बघतोय.

हिरामणकाकांचं शेत आपल्या बांधाला लागून, हे तू विसरली नसशील. रोज बांधावर उभे राहून माझी हजेरी घेतात. काल म्हणाले, "काय रं धनेश, भैनीच्या खाचरात नांग्या अशाच ठेवल्यास? लोकं म्हनतील, येसाजीच्या पोराला लावनी येत नाय."

मी म्हटलं, "काका, हा अभ्यास आहे. मेलेली रोपं मेलेलीच ठेवायची."

"मेलेलं ठेवायचं? आनि वर त्याचा अभ्यास? तुमच्या घरात शिक्षान लय झालंय."

हसलो खरा, पण झोंबलं. रोप मेलं की त्या जागी दुसरं खोचायचं, नांग्या भरायच्या, हे आपल्याकडे पोराला कुणी शिकवत नाही, बघूनच येतं. अण्णांचं आठवतं ना? शेवटच्या वर्षी दम लागायचा तरी काठी टेकत बांधावर जायचे आणि रिकामी जागा दिसली की माझ्या नावाने हाक मारायचे. "नांग्या भरल्याबिगर ताटावर बसू नको," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन. तू लहान म्हणून तुला नेहमी सूट.

पण ते तुझ्या कामाचं नाही. तू म्हणतेस रिकामं तर रिकामं. तब्येतीला जप. आईने नाचणीचे लाडू करून ठेवलेत, पार्सलने पाठवू का ते कळव. तिने स्वतः विचारायला सांगितलंय, मी माझ्या मनाने विचारत नाही.

दादा


कोंडाणे, ३ ऑगस्ट २०२५

भाविका,

लाडू पोचले आणि आवडले हे वाचून आईने ते पत्र देवापाशी ठेवलंय.

खाचराचं म्हणशील तर आता चांगलं आहे. मध्ये जरा माशीने डोकं वर काढलं होतं, पण सख्खी सावरली. उभी आहेत. जोराच्या पावसात दोनचार रोपं आडवी झाली होती ती तेवढी सरळ केली, तेवढाच काय तो हात लागला. त्याने काही बिघडत नसेल ना? फोटो राजेशरावांच्या मोबाइलवर पाठवलेत. बांधावरूनच काढलेत, आत उतरून काढायचे तर मोबाइल भिजला असता.

हिरामणकाका परवा बघून गेले. "आता कसं शोभतंय," म्हणाले. माणूस मनाने वाईट नाही.

श्रद्धाने माझी चिखलाने भरलेली पँट बघून विचारलं, गोदामात कधीपासून लावणी सुरू झाली? मी सांगितलं, बांधावरून घसरलो. तुला हे कशाला सांगतोय कोण जाणे. पत्रात काहीतरी लिहायचं म्हणून लिहितो.

पुढच्या शनिवारी राखीपौर्णिमा आहे. पाठवच असं म्हणत नाही.

दादा


कोंडाणे, ३१ ऑगस्ट २०२५

भाविका,

राखी पोचली. उशिरा आली तरी बांधली. श्रद्धाने बांधली, म्हणजे तुझ्या नावाने. अजून हातात आहे.

गणपती झाले. दुसऱ्या दिवशी आईची ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं, नांगरटीचं काही खायचं नाही, म्हणून तिला देवभाताचा मूठभर तांदूळ लागतो. आपल्या घरात ते तळं बुजलं नाही ते तिच्या त्या मूठभर भातासाठी. यंदा तिचे गुडघे दुखतात म्हणून डब्यातून तांदूळ मी काढून दिले. तिने ते सुपात घेऊन विचारलं, "ह्ये तळ्यातलं हाय का पोरीच्या खाचरातलं?"

मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षीचे दोन्ही डबे शेजारीशेजारी होते.

"लावलेलं मला चालत नाय," म्हणाली. "आनि तुजा हात लागल्यालं तर आजिबातच नाय." मग माझ्याकडे बघून राहिली. तिचं ते बघणं तुला ठाऊक आहे. लहानपणी गूळ चोरला की ती विचारायची नाही, नुसती बघायची. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. मी अंगणात निघून गेलो. तिने त्या दिवशी भाजी आणि केळ्यावर भागवलं.

पानं सुकवायला तू पाठवलेल्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या मिळाल्या. बुटांच्या खोक्यात निघतात तसल्याच आहेत, मी आमच्या ओमकारच्या नव्या बुटांतल्या टाकून दिल्या होत्या त्या उगाच टाकल्या असं वाटलं. वरच्या खाचरात तुझ्या माणसांनी नंबर घालून रोवलेल्या प्रत्येक काठीपाशी असलेल्या रोपाचं पान तोडून, पुडीवर काठीचा नंबर घालून, सगळी पानं कुरिअरने पाठवली आहेत. त्या पानांवरून कोण कुणाचं किती सख्खं ते तुझ्या यंत्राला कळतं, हे ऐकून मला जरा धास्तीच वाटली. आपल्या घरात असलं यंत्र नाही ते बरं.

पानं नीट तोडली आहेत. काळजी करू नकोस.

दादा


कोंडाणे, २१ सप्टेंबर २०२५

भाविका,

तुझं पत्र गोदामात उघडलं आणि दोनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवताना एका ओळीपाशी पत्र श्रद्धाच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं. ती ओळ तुझीच, 'माझा अंदाज चुकला दादा. मला वाटलं होतं सख्खी आधी पडतील. सख्खी टिकतात.'

पानं तपासून झाली, सगळी एका आईची निघाली, म्हणजे आता शंकाच नको, असं तू लिहिलंस. आणि त्याच पत्रात, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, भाऊबीजेला येते, सातवा लागेल तेव्हा घरीच असेन, बाळंतपण माहेरीच. आईचा चेहरा तू बघायला हवा होतास. ती उठून तडक शेजारी सांगायला गेली, गुडघेबिडघे सगळं विसरून. श्रद्धाने मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. ओमकारला विचारलं, आत्या येणार तर तू झोपणार कुठे, तर म्हणाला, ओटीवर, कुत्र्यापाशी. रंगवायला माणूस सांगितलाय. कोणता रंग हवा ते कळव. पिवळा नको, डास येतात असं श्रद्धा म्हणते. कुठे वाचलं ते विचारू नकोस.

तू लिहिलंस तसं सख्ख्यांच्या कणसांना मलमलीच्या पिशव्या बांधायला घेतल्यात. देवभाताचा दाणा पिकला की वाऱ्याने गळून चिखलात जातो, त्याची वाट बघणारी फक्त आपण माणसंच नाही, पाखरंही असतात. ते बी तू दोन-तीन ठिकाणी पाठवणार, तिथे साध्या भाताशी त्याचा संकर होणार आणि माशीला दाद न देणारं भात निघणार. हेही मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या तळ्यातलं? अगं बाई."

तुझ्या साहेबांनाही तू कळवून टाकलंस, पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर बोलणार आहेस. घाई नाही ना होत? एखादं वर्ष आणखी बघून मग बोललं तर? मला यातलं काही कळत नाही, सहज विचारलं.

मला तुला एक सांगायचं होतं. जाऊ दे. आलीस की बोलू.

दादा


कोंडाणे, ५ ऑक्टोबर २०२५

भाविका,

आलीस की बोलू असं गेल्या वेळी लिहिलं. पण तू आलीस, आईने तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तू मागच्या खोलीत बसून पोटावर हात ठेवून हसलीस, की मी काही बोलणार नाही. मला मी ओळखतो. म्हणून आत्ता लिहितो. हे वाचून झाल्यावर यायचं की नाही ते तू ठरव.

सख्खी टिकली नाहीत. सख्खी पडली होती, मी उभी केली.

जुलै संपता संपता वरचं खाचर बसलं होतं. तुझा अंदाज अगदी बरोबर होता. माशीने एक रोप धरलं की शेजारचंही धरलंच. जी काही उभी होती ती थोडी, आणि मध्ये जिकडेतिकडे नांग्या. हिरामणकाका बोलून गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोदामाला सुट्टी होती. मी नुसता बघायला म्हणून उतरलो. कुजलेली, पोंग्यांनी भरलेली रोपं उपटली आणि उकिरड्यात टाकली. खालच्या खाचराच्या कडेची दाट रोपं आणि तळ्याच्या काठावरची काही, अशी काढून आणली आणि वरच्या नांग्या भरल्या. चिखल सारखा केला. संध्याकाळपर्यंत खाचर भरगच्च दिसायला लागलं. खरं सांगतो, हात धुताना मला बरं वाटत होतं. जेवण गोड लागलं. चूक केली असं मनात आलंच नव्हतं, आलं ते तुला पत्र लिहायला बसलो तेव्हा. तेव्हाच सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, आणि कदाचित काही वाचलंही असतं. मी लिहिलं, दोनचार रोपं सरळ केली.

मग ती पानं. भरलेल्या रोपांची पानं दिली असती तर तुझ्या यंत्राने मला पकडलं असतं. म्हणून जिथे मी रोप भरलं होतं तिथल्या काठीची पुडी मी शेजारच्या जुन्या रोपाच्या पानाने भरली. ही चूक हाताची नव्हती. ही मी विचार करून केली. नांग्या भरल्याचं एक वेळ कुणी हसून सोडून देईल, याचं कुणी सोडणार नाही, आणि सोडूही नये.

हिरामणकाकांवर मी ढकलू शकतो. अण्णांवरही ढकलू शकतो, ते तर आता उठून विचारायलाही येणार नाहीत. पण खरं कारण वेगळंच आहे, लिहायला लाज वाटते. तू त्या खाचराला 'सख्खी' म्हणतेस. बांधावर उभा राहून मी रोज सख्खी पडताना बघत होतो, आणि मला वाटायचं, आता ही इंग्रजीत लिहून जगाला सांगणार की सख्खी एकत्र राहिली की संपतात. मला वाटायचं, ती आपल्याबद्दलच लिहिणार. वेडगळपणा आहे, कळतं मला. रोपं ती रोपं. पण तेव्हा ते माझ्या डोक्यातून निघेना.

कारण तुझ्या-माझ्यात जी पडझड झाली ती माशीने केली नाही. कर्जतच्या कचेरीत तुला हक्कसोडावर सही करायला मी नेलं. 'नावापुरतं गं, सगळ्याच बहिणी देतात,' असं म्हणालो. तू सही केलीस, एवढंच म्हणालीस की तळं आणि तळ्याखालचं मोडू नको. बाहेर आल्यावर मी तुला उसाचा रस पाजला. बहिणीचा वाटा घेतला आणि वर मोठ्या मनाने रसाचा पेला पुढे केला! तू तो अर्धा ठेवलास. त्या उरलेल्या अर्ध्या पेल्यावरची माशी मला अजून दिसते. वाटा घेतल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, तू रस टाकलास म्हणून राग आला होता. असा तुझा भाऊ.

आणि तू मला लिहितेस, सख्खी टिकतात. मी खोटं बोललो म्हणून तू परत यायला निघालीस. हे वाचून मला आनंद झाला, तोही खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. काल मलमलीच्या पिशव्या बांधताना माझी गाठच बसेना. ते बी कुणी पेरणार, त्यावर कुणी विसंबणार, आणि ते माशीला दोन वर्षांत बळी पडणार. ते कुणाचं तरी खाचर असणार.

पिशव्या काढल्या नाहीत, तशाच बांधून ठेवल्यात. बी कुणाला पाठवू नकोस. सोबत पुन्हा पानं पाठवतोय, या वेळी प्रत्येक काठीपाशी जे रोप उभं आहे त्याचंच पान. कुठलं रोप मी भरलेलं आहे हे मला ओळखता येतं, कारण तुझी लावणी एकेका रोपाची आणि मी सवयीने दोन-दोन खोचली. त्या पुड्यांवर फुली केली आहे. उपटून टाकलेली मात्र गेली, ती कुजून उकिरड्याची माती झाली. ती मला परत आणता येत नाहीत.

आईला मी काल सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. तवाच दिसलं व्हतं मला, परसातनं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तूच सांगशील म्हनून बसले व्हते. लय दिस लावलेस रं." आणि मग तिने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. खोलीला रंग देऊन झालाय. पांढरा दिलाय.

दादा


कोंडाणे, २४ ऑक्टोबर २०२५

भाविका,

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळालं. त्यातलं एकही वाक्य मी आईला गाळून सांगितलं नाही. साहेबांना सगळं खरं सांगितलंस, बोलायचं रद्द केलंस, तीन वर्षांची साखळी तुटली, पहिल्यापासून सुरू करावं लागेल. रागावली आहेस आणि राग जायला वेळ लागेल. बाळंतपण हैदराबादलाच. येणार नाहीस.

बरोबर आहे. मी काही म्हणणार नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेही बरोबर आहे. बाळंतपणाला तीच तिकडे येते म्हणते. श्रद्धा तिला घेऊन येईल. मला कुणी विचारलं नाही आणि मी म्हटलं नाही.

शेवटच्या दोन ओळी मात्र मी पुन:पुन्हा वाचल्या. 'पहिल्या वर्षाचं सख्ख्यांचं बी माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. जूनमध्ये पाठवते, लावणी तूच कर, एकेक रोप, आणि या वेळी नांग्या भरायच्या नाहीत.' लावणी तूच कर, असं लिहिलंस. दुसरं कुणी मिळालं नसेल म्हणून लिहिलं असशील. तरी लिहिलंस.

तुझ्या वाट्याचं तू काही विचारलं नाहीस. मीही आत्ता ते पुढे करत नाही, नाहीतर तेही घाईने नांग्या भरल्यासारखंच होईल. पण बाळ मोठं होऊन तू कधी इकडे आलीस की आपण दोघं पुन्हा त्या कचेरीत जाऊ. त्या दिवशी सही मी करेन. रस पाजणार नाही.

काल भाऊबीज. तीन वर्षं खालापूरच्या काकांची निशिगंधा येऊन मला ओवाळते, तुला माहीत नसेल. पाट रिकामा राहू नये, घर ओकंबोकं दिसू नये म्हणून मीच तिला बोलवायचो. काल तिचा सकाळीच फोन आला, दादा किती वाजता निघू? मी म्हटलं, यंदा नको गं. रागावू नकोस, ओवाळणी द्यायला पुढच्या आठवड्यात मीच येतो, पण आज नको.

श्रद्धाने रांगोळी काढली, पाट मांडला, निरांजन लावून ताट समोर जमिनीवर ठेवलं. मी टोपी घालून बसलो. समोर कुणी नाही. ओमकार हसायला लागला, मग माझ्याकडे बघून आत गेला. तेवढ्यात फराळाचा डबा घेऊन हिरामणकाका आले. दारातच थबकले.

"आरं, ह्ये काय? समोरची जागा रिकामी ठेवून बसलास? निशी येती ना दरसाल? नायतर शेजारची एखादी पोरगी बोलाव, दोन मिनिटाचं काम."

"असू दे काका," मी म्हटलं. "नांग्या भरायच्या नाहीत."

त्यांना काही उमगलं नाही. आई स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि वात पुढे सारून निरांजनात आणखी तूप घातलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "बस. वात इजेस्तवर बस."

मी बसलो.

दादा